ठ, ळ, क

२६ सप्टेंबर २०२३, मंगळवार

गाळ्याची किल्ली मिळाली. राजारामपुरी, रस्त्यावरच. शटर गंजलंय. पुढची रुंदी दहा फूट. पाटीला उंची तीन फूट, त्यावर लगेच मालकांची गॅलरी. गॅलरीत कपडे वाळत असतात. साडी किती खाली येते ते बघायला हवं.

पेपरात पहिल्या पानावर: मराठी पाट्या लावायला सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिने दिले. म्हणजे २५ नोव्हेंबर. मध्ये दसरा, दिवाळी. आता सगळ्यांनाच पाटी लागणार. मलाही.

२७ सप्टेंबर

नाव ठरलं. ठळक.

वाटणीत जुनं नाव दादाकडे. फ्लेक्सचं मशीनही त्याच्याकडे. अक्षरं कापायचा राऊटर माझ्याकडे. वहिनी म्हणाली, "वन्सं, दोघं कागदावर लिहून ठेवा." ठेवलं.

२८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नाही. फ्लेक्सवरचे चेहरे बघायचे नाहीत असं ठरवून गेले. नजर तिकडेच. दोन ठिकाणी शुभेच्छुकांच्या यादीत तोच माणूस दोनदा.

३० सप्टेंबर, शनिवार

आपल्याच धंद्यातल्या पाट्या बघत फिरले. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, उद्यमनगर. ब्रश. पॅलेट. इंद्रधनुष्य. बल्ब आणि त्यातून किरणं. इंग्रजी ए, त्याला शेपूट. खाली यादी: फ्लेक्स, रेडियम, ग्लो साइन, ट्रॉफी, रबरी शिक्के, लग्नपत्रिका, मगवर फोटो. जागा उरली तर मोबाइल नंबर, तेही तीन.

गिऱ्हाइकाला आपण सांगतो, एवढं घालू नका, वाचणार कोण? स्वतःच्या पाटीवरून मात्र एक शब्द सुटत नाही.

आणि पॅलेट कोण वापरतं? आबांनी जन्मभर रंग नरोटीत कालवला.

१ ऑक्टोबर, रविवार

लोगो कुठे कुठे बसवायचा ते लिहून काढलं. पाटी. बिल. रबरी शिक्का. टेम्पोचं दार. व्हॉट्सअ‍ॅपचा गोल. आणि आपण केलेल्या प्रत्येक पाटीचा खालचा उजवा कोपरा, अर्धा इंच. माझ्या लेखी हा शेवटचा सगळ्यात मोठा. पूर्वी पेंटरची सही तिथंच असायची. गंगावेशीत एका जुन्या दुकानावर आबांची सही अजून आहे. वरची पाटी उन्हानं पुसली, दुकानाचं नाव वाचता येत नाही. सही वाचता येते. रंग घट्ट कालवला असणार.

अर्ध्या इंचात बल्ब आणि किरणं मावत नाहीत. तो विषय मिटला.

३ ऑक्टोबर

नावाला काना नाही, मात्रा नाही. वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार काही नाही.

धंद्यात सगळे सांगतात, दर दहा फुटांना एक इंच उंची. हा हिशोब इंग्रजी कॅपिटलचा. तिथं वरपासून खालपर्यंत अक्षरच असतं. आपल्याकडे वरचा मजला वेलांटीचा, तळघर उकाराचं. तीन फुटी पाटीत कडेची मोकळी जागा सोडून हाती येतात चोवीस इंच. त्यात 'विष्णू' लिहायचं तर अक्षराच्या अंगाला निम्म्याहून थोडी जास्त उंची उरते. 'ठळक'ला चोवीसच्या चोवीस. म्हणजे दोनशे चाळीस फूट. चौकातून वाचता येईल.

नाव निवडताना हे डोक्यात होतं. कुणाला सांगितलं नाही. लोकांना अर्थ आवडतो, आवडू दे.

५ ऑक्टोबर

फॉन्ट लावून बघितले. र. कृ. जोशींचा मंगल. मग मुक्ता. मग मोदक. मोदक देखणा आहे. अंग एवढं जाड की पोटाच्या जागी नुसती चीर. दोन फुटांवर झकास. अर्ध्या इंचावर आणला, चीर मिटली, तीन काळे गोळे राहिले.

श्रीलिपीतला एक जुना अजून आवडतो. पण तो अर्ध्या गावाच्या पाट्यांवर आहे. त्यातल्या बऱ्याच आम्हीच केलेल्या.

कॉम्प्युटरवर कोरल चालवणारी मुलगी म्हणाली, "ताई, एखादा निवडा आणि कर्व्ह करून टाका, कोण बघतंय?"

ठ आणि क कुठल्याही फॉन्टात बरे असतात. ळ वर मेहनत घेतलेली क्वचित दिसते. दोन अक्षरांच्या मध्ये अंग चोरून उभा. आणि माझ्या नावात तो बरोबर मधोमध.

८ ऑक्टोबर, रविवार

आबांकडे गेले. दादा मशीनवर होता, वरूनच हात केला.

आबांना म्हटलं, तीन अक्षरं लिहून द्या. कागद नको म्हणाले. परसातल्या चुन्याच्या भिंतीवर. शिडी चढत नाहीत हल्ली, गुडघे. हात मात्र कातीव आहे. दोरी गेरूत बुडवली, एक टोक मला धरायला दिलं, मधोमध चिमटीत उचलून सोडली. टप्. लाल रेघ. चार बोटं खाली दुसरी. शिरोरेघ आधी भरली. शाळेत शेवटी शिकवतात, पेंटर आधी घालतो. अक्षरं तिला टांगायची.

ठ एका दमात. चपटा ब्रश डावीकडून खाली, वळून वर. क ला दोन थांबे. ळ ला वेळ घेतला. आधी डावं पोट, मग ब्रश उचलून मान तिरकी करून बघत बसले. मग उजवं, डाव्यापेक्षा जरासं मोठं.

"सारखी नाहीत आबा."

"डोळ्याला सारखी दिसाय पाहिजेत न्हवं? मग मापाला सारखी नसत्यात."

फुटपट्टी लावली. उजवं सव्वादोन सूत मोठं. लांब जाऊन बघितलं. सारखी.

चहा घेताना नाटकांच्या जाहिरातींचा विषय निघाला. पेपरात कमल शेडगे यांनी काढलेलं नाटकाचं नाव आलं की आबा कापून ठेवायचे. त्या कात्रणांची वही अजून आहे. तिकीट काढायला पैसे नसायचे. म्हणाले, "नाव बघून नाटक कळायचं." अर्धी नाटकं त्यांनी अशीच बघितली.

भिंतीचे फोटो काढले. निघताना दादा खाली आला. "लोगोच काढायचा तर मला सांगायचं, दहा मिनिटांत काढून दिला असता." चेष्टाच होती बहुतेक.

९ ऑक्टोबर

फोटोवरून कोरलमध्ये उतरवून घेतलं. नोड कमी करत गेले. नोड जास्त असले की राऊटर वळणावर अडखळतो, कड दातरी येते. जितके कमी, तितकं ते आबांच्या हातासारखं दिसायला लागलं.

११ ऑक्टोबर

पितृपक्ष. चौकशीचे फोन भरपूर, अ‍ॅडव्हान्स एकाचाही नाही. "घटस्थापनेनंतर बघू."

१३ ऑक्टोबर

शिक्का करून आणला. बिलबुकाच्या कागदावर मारला. ठ छान. क ठीक. ळ ची दोन्ही पोटं शाईनं भरली. 'ठ' आणि 'क' यांच्यामध्ये डाग.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गोलात तीन अक्षरं आडवी मावत नाहीत. नुसता ठ टाकला. तो मुळात गोलच. बहिणीच्या लेकीनं विचारलं, "मावशी, ठ ठशाचा?" हो बाई, ठशाचा.

१५ ऑक्टोबर, रविवार

घट बसले. फोन थांबेना. गाळा अजून लावलेला नाही, पण जुनी गिऱ्हाइकं नंबर शोधून काढतात.

एकाची पाटी: ज्योतिर्लिंग. थ्रीडी अक्षरं, इंचावर दर. तो म्हणतो चार अक्षरं. आमचे मिस्त्री म्हणतात, चार कुठली? ज ला य जोडलाय, ओकार, वेलांटी, परत वेलांटी, रफार, अनुस्वार. कापायला सगळे तुकडे, चिकटवायला सगळे तुकडे. गिऱ्हाईक: "अनुस्वार तरी फुकट द्या, केवढा तो!" मिस्त्रींचं उत्तर: वाऱ्यात पहिला तोच पडतो. एका पिनेवर असतो.

सात धरले. दोघंही नाराज.

दुसऱ्याला विचारायचं होतं, मराठी किती मोठं पाहिजे. म्हटलं, इंग्रजीपेक्षा लहान चालणार नाही, आणि आधी मराठी. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही, २०२२ च्या दुरुस्तीपासून. तो म्हणाला, "पण आमचं नावच इंग्रजी आहे." मग तेच देवनागरीत. हायसं वाटलं त्याला. 'कलेक्शन' मधला क्श कसा काढायचा यावर अर्धा तास गेला. तो म्हणे क्ष.

१८ ऑक्टोबर

टेम्पोच्या दारावर स्प्रे मारायचा तर पत्र्यात अक्षर कापून घ्यावं लागतं. कापलं. पोटं गळून पडली. गळणारच, तरी बघायचं होतं. ठ चं एक, ळ ची दोन, क चं एक. मिस्त्रींनी चारही टेबलावर ओळीनं मांडली. "ताई, ही पण गिऱ्हाइकाला द्यायची का?"

पोट धरून ठेवायला पूल ठेवावा लागतो. स्प्रे झाला की पुलाच्या जागी अक्षरात फट राहते. आपण ती ब्रशनं बुजवतो. पोत्यांवर, लाकडी खोक्यांवर कुणी बुजवत नाही, तिथं ती तशीच असते.

न बुजवली तर?

रात्री झोप नाही. फट राहू द्यायची. टेम्पोवरच कशाला, सगळीकडे. पाटीवर, बिलावर, शिक्क्यावर. बघणाऱ्याला कळावं की हे अक्षर कापलेलं आहे. कुणीतरी पत्रा पुढे ठेवून कापलेलं.

२० ऑक्टोबर

वाटलं तितकं सोपं नाही. ठ ला उजवीकडे वर फट ठेवली तर तो ट होतो. लांबून सरळ सरळ 'टळक'. मुलगी हसून हसून लोळली. ट चं तोंड उजवीकडेच उघडतं, तिथं हात लावायचा नाही. फट खाली आणि डावीकडे. ळ ला प्रत्येक पोटाच्या खाली एकेक, वर एकेक. मधल्या सांध्याला धक्का नाही. क ला डावीकडे दोन, दांडा अखंड.

रुंदी किती? अंग चार इंच. फट एक इंच केली, अक्षर फुटल्यासारखं वाटलं. अर्धा इंच, दिसेना. पाऊण इंच.

अर्ध्या इंचाच्या सहीसाठी वेगळं काढायला हवं. तीच फाइल लहान करून चालणार नाही. पोटं फुगवायची, अंग बारीक, फट दामटून रुंद. म्हणजे लहान केल्यावर मोठ्यासारखं दिसेल. आबांचं तेच: मापाला सारखं नको.

नवीन शिक्का मारून बघितला. पोट थोडं भरतं अजून. पण पांढरी फट राहते, ळ ओळखू येतो.

२३ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. राऊटर पुसला, हळद-कुंकू, झेंडू. मिस्त्रींनी वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, करवती मांडल्या. मुलीनं माउस ठेवला. मी आबांचा एक इंची चपटा ब्रश. मागच्या वर्षीपर्यंत हे सगळं एका ठिकाणी असायचं, एकच नारळ.

२४ ऑक्टोबर

दसरा. मुहूर्त करायचा होता, पाटी तयार नाही. पाडव्याला.

सोनं द्यायला गेले. दादा नव्हता. आबा म्हणाले, "फटी बुजवल्या नाहीस?" मुलीनं स्टेटसला ठेवलं होतं. कुणीतरी दाखवलं असणार.

"मुद्दाम ठेवल्यात आबा."

बराच वेळ मोबाइल डोळ्यांशी धरून बसले. "शिरोरेघ तरी सलग हाय. ती तोडू नको. तोडलीस तर तीन अक्षरं तीन दुकानांची वाटतील."

२५ ऑक्टोबर

एका मित्राचा सल्ला: लोगो कंपनीकडून करून घे, ऑनलाइन, पाचशे रुपयांत मिळतो. त्यानं स्वतःचा दाखवला. पान आणि थेंब. कशाचा धंदा, विचारलं. सिमेंटच्या विटा.

२७ ऑक्टोबर

रंग. पिवळ्यावर काळं सगळ्यात लांबून वाचता येतं, पण ती टॅक्सीची नंबरप्लेट. लाल कोल्हापुरात सगळ्यांचाच, आणि उन्हात पहिला तोच उडतो. दोन-तीन वर्षं झालेले फ्लेक्स बघावेत: लाल-पिवळं गेलेलं, सगळी माणसं निळी. नेता निळा, हार निळा.

आबांची भिंत आठवत होते. गेरू. गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच, त्याला ऊन काही करत नाही.

मग लक्ष गेलं. गाळ्यात कोपऱ्यात फ्रेमा उभ्या होत्या, नुकत्या रंगवलेल्या. रेडऑक्साइड. तोच रंग. दहा वर्षं रोज बघते.

मिस्त्रींना सांगितलं, हाच. ते म्हणाले, "हा प्रायमर हाय ताई. वरचा कुठला?"

हाच वरचा.

"लोक म्हणतील काम अर्धं सोडलंय."

३० ऑक्टोबर

दादाचं मशीन रात्रंदिवस. मराठा आरक्षणासाठी गावोगाव पुढाऱ्यांना गावबंदीचे फ्लेक्स लागलेत, आणि त्याच गावांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका, उमेदवारांचे फ्लेक्स. वहिनी सांगत होती, एकाच दिवशी एकाच गावाचे दोन्ही छापले. त्याच रोलवर.

आमच्याकडे अक्षराला आठ दिवस लागतात. दादाचं म्हणणं तेच होतं. चूक नव्हतं.

१ नोव्हेंबर

ट्रेडमार्कचं विचारून आले. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी साडेचार हजार, दहा वर्षांसाठी. वकील म्हणाले, नुसत्या शब्दावर आक्षेप येऊ शकतो, पाट्या करणाऱ्यानं 'ठळक' म्हणणं हे मालाचं वर्णनच. काढलेल्या आकारासकट अर्ज करा. फटींसकट, म्हटलं. त्यांनी कागद फिरवून बघितला. "या छपाईत राहिल्यात ना?"

३ नोव्हेंबर

पाटी कशी करायची, अडलंय. सुटी अक्षरं करून मागून उजेड द्यायचा विचार होता. पण फटींमुळे अक्षराचेच तुकडे होतात. ठ चा डावीकडचा खालचा तुकडा वेगळा, ळ चे दोन. प्रत्येकाला वेगळ्या पिना, वेगळी वायर. अनुस्वार नको म्हणून नाव असं घेतलं आणि आता सगळेच अनुस्वार.

रात्री: उलटं. अक्षर लावायचंच नाही. पत्रा लावायचा. पत्र्यात अक्षर कापलेलं, मागे दुधी अ‍ॅक्रिलिक, त्यामागे एलईडी. पूल आहेतच, पोटं पडणार नाहीत. चिकटवायला काही नाही, पडायला काही नाही. दिवसा गेरूवर पांढरी अक्षरं. रात्री पत्रा अंधारात, अक्षरं तेवढी.

टेम्पोच्या दारासाठी कापलेला पत्रा दोन आठवडे भिंतीला टेकून उभा होता. मागून खिडकीचा उजेड येत होता त्यातून. बघितलं होतं मी ते.

४ नोव्हेंबर

दोन मिलिमीटर पत्रा, आठ बाय चारचा मिळतो. मग पाटी आठ फुटांची. दोन फूट रुंदी गेली. बरंच झालं, मालकांच्या साड्या त्या बाजूला वाळतात. शिरोलीला लेझरवर कापायला टाकला.

मिस्त्री रेडऑक्साइडवर अडून. प्रायमर उघडा पावसात टिकत नाही, हे त्यांचं खरं. त्याच छटेचं मॅट इनॅमल मिळवलं. चकचकीत नको. चकचकीत पत्र्यात समोरच्या दुकानाचे दिवे दिसतात.

५ नोव्हेंबर, रविवार

ग्रामपंचायतींचं मतदान. उद्यापासून दादाकडे आभाराचे फ्लेक्स.

७ नोव्हेंबर

पत्रा आला. कड अगदी साफ. सलग शिरोरेघेमुळे वरची पट्टी हाताला लवते. आबांना विचारून तोडावी का, असं मनात आलं. नाही विचारलं. अ‍ॅक्रिलिक रेघेच्या वर आणि खाली दोन्ही कडांना बोल्ट केलं. आता लवत नाही.

८ नोव्हेंबर

उजेडाची चाचणी, शटर लावून, अंधारात. खोकं तीन इंच खोल: अ‍ॅक्रिलिकमागे मॉड्यूलचे ठिपके मोजता येतात. चार इंच: तरी ठिपके. पाच: पसरला. पण ळ च्या मधल्या सांध्यात अंग रुंद आहे, तिथं काळोख राहतो. एक जादा मॉड्यूल तिरकं बसवलं. वायरमन म्हणाला, एवढ्यासाठी? तो घरी गेल्यावर अजून एक हलवलं.

फटी अंधारात गडद दिसतात, दिवसापेक्षा बऱ्या. पाऊण इंच बरोबर.

१० नोव्हेंबर

धनत्रयोदशी. पाऊस. नोव्हेंबरात! इनॅमल वाळेना.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. रंग वाळला.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

पाडवा. सकाळी पाटी चढवली. नुसता पत्राच जड, वर अँगलची फ्रेम, चौघं लागले. मालकीणबाईंनी स्वतःहून दोरी वर बांधून घेतली.

आबा रिक्षातून आले. आत आले नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले, तिथून बघितलं. मग आणखी मागे, चौकाकडे. रिक्षावाला मीटर चालू ठेवून उभा. परत आल्यावर म्हणाले, "ळ बरा हाय."

एक बाई थांबून विचारून गेल्या, "पाटी कधी पूर्ण होणार?" मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी दिवे लावले. वाहनं जरा हळू होतात का बघत बसले. होत नाहीत.

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. दादा आला. ओवाळलं. पाकीट दिलं. पाकिटावर जुना लोगो. तो मी काढलेला, बारावीत असताना. ब्रश आणि इंद्रधनुष्य.

जेवताना म्हणाला, "तुझ्या पाटीखाली काय काय मिळतं ते लिहिलंच नाहीस."

"पाटी मिळते."

वहिनी हसली. तोही हसला, पण उशिरा.

१७ नोव्हेंबर

ज्योतिर्लिंग लागलं. अनुस्वाराला दोन पिना मारल्या.

कोपऱ्यात अर्ध्या इंचाची सही, रेडियममध्ये कापून. रेडियमचा नको असलेला भाग सोलताना ळ ची पोटं सोबत निघून येतात. मुलीनं सुईनं धरून ठेवली. रोज एवढी कोण धरणार? सही कापायची नाही, छापायची.

१९ नोव्हेंबर

वर्ल्ड कपची फायनल हरलो. गल्ली चिडीचूप. विजयाचे फ्लेक्स कुणीतरी आधीच छापून ठेवले असतील.

२२ नोव्हेंबर

रांग लागलीय. सगळ्यांना शनिवारच्या आत पाहिजे. एकाला म्हटलं, अक्षरं आठ दिवस. "मग फ्लेक्सवर द्या, तात्पुरतं." दादाचा नंबर दिला.

पाचशे रुपयांवाला मित्र आला होता. पान-थेंब बाजूला ठेवून त्याच्या विटांचं नाव पत्र्यात कापून मागतोय. फटींसकट. फटी माझ्या, म्हटलं. तुझं दुसरं काहीतरी काढू. विटा साच्यातून निघतात ना, तो साचा घेऊन ये.

२५ नोव्हेंबर, शनिवार

मुदत संपली. रात्री साडेदहापर्यंत शिडीवर. परत येताना बघितलं, आमच्या रस्त्यावर निम्म्या पाट्यांवर मराठी ओल्या रंगात किंवा चिकटपट्टीनं. एका ठिकाणी इंग्रजी नावावर कागद लावून टाकलाय.

२८ नोव्हेंबर

मुंबईत महापालिकेची माणसं दुकानादुकानांतून तपासायला निघाल्याची बातमी. इथं अजून कोणी आलेलं नाही.

दुपारी दादाचा फोन. जुन्या दुकानाची पाटी इंग्रजीत मोठी आहे, मराठी खाली बारीक. बदलायची. फ्लेक्सवर नको म्हणाला, आबांचं म्हणणं अक्षरंच पाहिजेत. माप घेऊन ठेवलंय, पंधरा इंच. दर विचारला.

इंचावर दर, म्हटलं. जोडाक्षराचे दोन. मात्रा वेगळी.

"आणि अनुस्वार?"

त्या नावात अनुस्वार आहे.

"फुकट दे की गं."

नाही म्हटलं. अ‍ॅडव्हान्स निम्मा, उद्या पाठवतो म्हणाला.